बापूरावांची बारी

बसा आरामात. चहा होईपर्यंत माझं सांगून होईल. मात्र एक अट आहे. मध्येच "भास झाला असेल" असं म्हणायचं नाही. ते वाक्य आमच्या नम्रतानं, म्हणजे बायकोनं, इतक्या वेळा ऐकवलंय की आता या घरात त्याला बंदी आहे.

दोन हजार नऊचा जून. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी बुधवार पेठेत गेलो होतो, सायकलच्या स्पीडोमीटरसाठी सेल आणायला. दुकानदारानं सेल काउंटरवर ठेवला आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "सायकलला मीटर? पाय दुखले की कळत नाही का, किती चाललात ते?" एरवी मी त्याला तोडीस तोड उत्तर दिलं असतं, मागे हटणारा मी नव्हे. त्या दिवशी मात्र मुकाट्यानं पैसे दिले आणि निघालो. 

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. वय तेव्हा अडतीस. दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटलं, डॉक्टर ओरडले, म्हणून सायकल घेतली आणि मग तिचंच वेड लागलं. आमची शर्यत हौशी लोकांची. खडकवासल्याच्या धरणापासून पानशेत, पानशेतहून परत धरण, आणि पुन्हा पानशेत. साधारण पंचाहत्तर किलोमीटर, तीन तासांत. वेळेत पोचलात तर पदक. नाही पोचलात तर हात हलवत घरी. चढउतार आहेत, पण त्यांचं काही नाही हो. खरा वैरी वारा. जूनच्या सुरुवातीला पाऊस यायच्या आधी पश्चिमेकडून जो सुटतो ना, तो धरणाच्या पाण्यावरून येऊन छातीवर हात ठेवतो आणि मागे ढकलतो.

आता एक गोष्ट समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. समोरून वारा असला की सायकलवाले एकामागे एक चालतात. पुढचा वारा खातो, मागच्याला आडोसा मिळतो. मागच्याचे कष्ट जवळजवळ एक तृतीयांश वाचतात. म्हणून आळीपाळीनं पुढे व्हायचं. पुढचा दमला की उजवं कोपर बाहेर काढून दोनदा हलवतो. त्याचा अर्थ, आता तू ये. त्यानं कोपर हलवलं की मागच्यानं पुढे जायचंच. हा नियम कुठे छापलेला नाही, पण तो मोडणाऱ्याच्या शेजारी नंतर कोणी चहा पीत नाही.

हे मला शिकवलं बापूरावांनी. खडकीला राहायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते, निवृत्त झालेले. वय एकसष्ट, अंग वाळक्या शेंगेसारखं. आमच्या हजारो रुपयांच्या सायकली आणि त्यांची स्वतः जोडलेली लोखंडी. गुडघ्यांना कापूर घातलेलं खोबरेल चोळून यायचे, त्यामुळे त्यांच्या मागे सायकल घातली की देवळात शिरल्यासारखा वास यायचा. बोलणं कमी. "आता तुझी बारी," एवढंच. आणि स्वतःची बारी त्यांनी कधी चुकवली नाही. तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा नाही.

आदल्या वर्षी काय झालं ते सांगतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. शेवटच्या फेरीत आम्ही दोघेच उरलो होतो, बापूराव पुढे, मी मागे. वारा मरणाचा. त्यांनी कोपर हलवलं. मी पाहिलं. आणि मान खाली घातली, जणू चाकाकडे बघतोय. थोड्या वेळानं पुन्हा हलवलं. मी पुन्हा मान खाली. असं पंचवीस किलोमीटर चाललं होतं! मला पदक हवं होतं, पहिल्यांदाच मिळणार होतं. माणूस एवढा कोडगा होऊ शकतो, हे मला त्या दिवशी स्वतःकडून कळलं. शेवटचे दोनशे मीटर उरले तेव्हा मी त्यांच्या मागून बाहेर पडलो आणि ताज्या पायांनी त्यांच्या पुढे निघून गेलो.

तीन तासांना दोन मिनिटं कमी असताना मी पोचलो. बापूराव माझ्या मागोमाग. सायकल झाडाला टेकवली, पाणी प्यायले, "जरा पडतो" म्हणाले. ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. आठवड्यानं ऑफिसच्या बातमीपत्रात माझा पदकासकट फोटो छापून आला. मी तो कोणालाच दाखवला नाही.

त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नीला, सुशीलाबाईंना भेटायला, मी वर्षभर गेलो नाही. काय तोंड दाखवणार? मग ठरवलं. या वर्षी तेच पंचवीस किलोमीटर, तोच वारा, एकट्यानं खायचा. कोणाच्या मागे जायचं नाही. आणि मग खडकीला जाऊन खरं काय ते सांगायचं. वारा न खाता गेलो तर पुन्हा फुकट्याच ठरणार होतो. दुकानदाराला उत्तर दिलं नाही ते याच धास्तीनं.

शर्यत पहाटे सुटली. लोक गट करून पुढे गेले. एक-दोघांनी हाका मारल्या, "ये की मागे!" मी मुद्दाम रेंगाळलो. पहिली फेरी झाली, धरणावरून वळलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि रस्त्यावर मी एकटा होतो. उजवीकडे पाणी, त्यावर पांढऱ्या रेघा. वारा असा की कानात दुसरं काही ऐकू येईना. मीटर बघितला. सोळा. पाय फाटायच्या बेतात आले तरी सोळा. वेळेत पोचायचं तर बावीस तरी हवेत. म्हटलं, हरकत नाही, खा लेका वारा, वर्षभराची भूक आहे. खानापूरचा फाटा मागे पडला. दात आवळले होते, तोंडात धूळ होती, आणि खरं सांगतो, वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

आणि वारा थांबला.

रस्त्याकडेची बाभळ तशीच हलत होती. पाण्यावरच्या रेघा तशाच धावत होत्या. डावीकडच्या शेतात कोणीतरी वाळत घातलेलं लुगडं दोरीवरून सुटायला बघत होतं. फक्त मला वारा लागत नव्हता. कान एकदम मोकळे झाले आणि त्यात आवाज आला... चेन फिरतेय, आणि दर फेरीला कुठेतरी एक बारीक कुरकुर. माझ्या सायकलचा तो आवाज नव्हता. मग वास आला. कापूर आणि खोबरेल.

समोर रस्ता मोकळा होता. एक माणूस नाही, एक चाक नाही.

मीटर बघितला. सत्तावीस.

भीती तर वाटलीच.  पण खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी मनात काय आलं माहितेय? की या हिशेबानं आपण वेळेत पोचतोय. मेलेल्या माणसाच्या आडोशाला बसून मी घड्याळ बघत होतो! स्वतःची अशी शिसारी आली की मी मोठ्यानं ओरडलो, "बापूराव, नको! बाजूला व्हा!"

सायकल डावीकडे घेतली. वारा नाही. उजवीकडे, अगदी पाण्याच्या कडेनं. तरी नाही. तो आडोसा माझ्याबरोबर सरकत होता, अगदी मापात, अर्धा हात पुढे. वेग कमी केला तर पुढची कुरकुरही सावकाश झाली. म्हाताऱ्याची सवयच होती ती. मागचा दमला की वेग कमी करायचा, त्याला टाकून जायचं नाही.

मग मला जे दिसलं ते... दिसलं म्हणजे काय सांगू. रस्त्यावरची धूळ समोरून उडत येत होती. ती माझ्यापुढे येऊन दुभंगत होती, दोन्ही बाजूंनी जात होती. मधल्या मोकळ्या जागेला आकार होता. वाकलेली पाठ, खांदे. आणि उजव्या बाजूला त्या आकारातून एक टोक बाहेर आलं. दोनदा हललं.

या वेळी मी मान खाली घातली नाही.

"आलो," म्हटलं. सीटवरून उठलो आणि अंगात होतं नव्हतं ते पायांत घातलं. सोनापूरच्या अलीकडचा चढ होता तो. एकतीस, बत्तीस. छाती फुटेल असं वाटलं. कापराचा वास आधी दाट झाला, मग शेजारी आला, कानाशी त्या लोखंडी सायकलची कुरकुर... मी तिकडे बघितलं नाही. देवाशपथ, बघायची हिंमतच झाली नाही. आणि मग वारा तोंडावर आपटला, भिंतीसारखा. मीटर एकदम चौदावर. मी पुढे आलो होतो!

पुढचे बारा किलोमीटर माझ्या मागे कोणीतरी श्वास घेत होतं. शांतपणे, न दमता, माझ्या आडोशाला. पायांत गोळे आले. वेळ टळून गेली ते मला कळलं, मी मीटर बघायचं सोडून दिलं. एकदाही कोपर हलवलं नाही. "बसा बापूराव, बसा निवांत, आज मी आहे," असं काहीबाही बरळत होतो म्हणे. नम्रता शेवटच्या वळणावर उभी होती, तिनं ऐकलं. ती म्हणते, तू एकटाच होतास.

तीन तास एकवीस मिनिटं. आयोजक शेवटची कापडी कमान उतरवत होते. पदक नाही, टाळ्या नाहीत. मी रस्त्यात बसलो आणि हसायला लागलो. फिटलं, असं वाटलं.

पण मी एक विसरलो होतो. आळीपाळी म्हणजे आळीपाळी. माझी बारी झाली की पुढची त्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उभा होतो. नम्रतानं वाळत घातलेल्या चादरी नुसत्या उडत होत्या. माझ्या शर्टाची कॉलरसुद्धा हलेना. स्कूटरवर बसलो, पन्नासच्या वेगानं औंधच्या पुलावरून गेलो, तोंडावर झुळूक नाही. घरी पंख्याखाली बसलो तरी घामानं निथळतोय, आणि शेजारी नम्रता म्हणतेय, कमी कर रे, गार वाटतंय. ऑफिसात एसीच्या झोताखाली मी एकटा रुमालानं कपाळ पुसतोय. गंमत वाटते ऐकायला. आठ दिवस वाऱ्याशिवाय राहून बघा. श्वास आत जातो पण पुरत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी, अगदी लिफ्टमध्येसुद्धा, कापूर. मला एकच धास्ती, हे आता कोपर कधी हलवणार, आणि हलवलं तर मी कुठे म्हणून पुढे जायचं?

नवव्या दिवशी खडकीला गेलो.

दोन खोल्यांचं घर. फळीवर बुद्धाची लहान मूर्ती, भिंतीवर बापूरावांचा फोटो. सुशीलाबाईंनी मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बसा. उन्हातून आलात." पंखा पाचवर केला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. मी सगळं सांगितलं, आदल्या वर्षीचं. कोपर, खाली घातलेली मान, शेवटचे दोनशे मीटर. काही राखून ठेवलं नाही.

त्यांनी एकदा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फोन केला होता त्यांनी. पोचल्यावर, झाडाखालून. म्हणाले, मागे एक पोरगा होता, फार दमला होता बिचारा. आणला ओढून."

यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मला धड रडताही येईना. टीपॉयवरचा पेपर पंख्यानं फडफडत होता, सुशीलाबाईंचा पदर खांद्यावरून उडत होता, त्या तो सारखा सावरत होत्या. आणि माझ्या हनुवटीवरून घाम टपटप जमिनीवर पडत होता.

त्यांनी तो घाम पाहिला. वर पंख्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली आली आणि माझ्या गुडघ्यांपुढे, हातभर अंतरावर, थांबली. तिथे काही नव्हतं. चेहरा बदलला नाही त्यांचा, घाबरल्या नाहीत. नुसता आवाज खाली आला, घरातल्या माणसाशी बोलतो तसा.

"अहो... पुरे आता. पोचला ना तो? सरका बाजूला."

आणि वारा आला. कपाळावर, मानेवर, शर्टाच्या आत. नऊ दिवसांनी! मी तोंड वर करून तो प्यायलो आणि मग लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. त्यांनी रडू दिलं मला.

डोळे पुसून समोर बघितलं. पंखा तसाच पाचवर होता. पेपर फडफडत होता. सुशीलाबाईंचा पदर मात्र खाली पडून होता, त्याचं एक टोकही हलत नव्हतं. त्यांनी बोटानं ओठावरचा घाम टिपला, आणि बसल्या बसल्या आपली खुर्ची हातभर मागे घेतली, कोणाला तरी पुढे जागा करून द्यावी तशी.