दादाची पाहुणी

अण्णा बाहेरच्या खोलीत बसायचे आणि त्यांची डॉक्टर लेक आतल्या खोलीत. मध्ये नुसता पडदा. मनाच्या आजाराचे पेशंट आधी अण्णांकडे आणि मग तिच्याकडे, अशी त्या दवाखान्याची रीतच पडून गेली होती. कुणाला नसलेले आवाज ऐकू येत असले, की अण्णा त्याच्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवत, डोळे मिटून देवाचं नाव घेत आणि खुर्चीकडे बघून म्हणत, "बसा. दमला असाल." बस्स, एवढंच. ना धूर, ना आरडाओरडा. मग पेशंटच्या पाठीवर हात ठेवत. "ते राहतील माझ्याकडे. तू आत जा, गोळ्या घे."

"गोळ्या माझ्या आणि नाव तुमचं!" ती चिडवायची.

"डॉक्टरीणबाई, माझ्यामुळे ते तुझ्या गोळ्या गिळतात तरी!"

यात खोटं काहीच नव्हतं. पडद्यापलीकडचं अण्णांचं ते खोकणं, पेशंटला दारापर्यंत पोचवतानाची त्यांची थट्टा आठवली, की ती अजून पडद्याकडे बघते. इतक्या सुखाने तिने पुन्हा कधी काम केलं नाही.

अण्णा गेले आणि दादा बिघडला. तिच्या या थोरल्या भावाला तरुणपणापासून एका बाईचा आवाज ऐकू यायचा. गोळ्या आणि अण्णांची खुर्ची यांवर तो आवाज कितीतरी वर्षं गप्प होता. आता तो परत आला, आणि अन्नात विष आहे म्हणू लागला. दादाने गोळ्या सोडल्या, मग जेवण सोडलं. तिने औषधं बदलली, इस्पितळात ठेवून पाहिलं. तो आणखीच वाळून घरी आला.

"तू एकदा अण्णांसारखं करून बघ ना," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी डॉक्टर आहे."

"अगं, पण बहीणही आहेस ना?"

बुडत्याला काडीचा आधार. एका दुपारी तिने दादासमोर खुर्ची ठेवली. देवावर विश्वास नव्हता, म्हणून देवाचं नाव तेवढं गाळलं.

"बसा. दमला असाल."

पंखा कुरकुरत होता. दादा बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिला.

"बसली," तो म्हणाला.

इथेच थांबायचं होतं. अण्णा कधी काही विचारत नसत. पण जित्याची खोड! समोर कुणी बसलं की तिचं तोंड आपोआप उघडायचं.

"काय त्रास होतो? कधीपासून?"

दादा मान तिरकी करून ऐकत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा सैलावला.

"असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे," तो म्हणाला. "आता तुझ्याकडेच राहते म्हणतेय."

त्याच संध्याकाळी दादा जेवला. गोळीही घेतली. दोनेक महिन्यांत तो आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसू लागला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं तिने स्वतःला बजावलं. नवं औषध लागू पडलं होतं, दुसरं काय?

मग दवाखान्यातली मदतनीस तिच्यासाठी दोन कप चहा आणू लागली. विचारलं तर गोंधळून म्हणाली, "नेहमी दोनच लागतात ना?"

पेशंट आत आले की तिला नमस्कार करत, आणि तिच्या शेजारी बघून पुन्हा एकदा.

एके सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. डोकं अगदी ठिकाणावर, तक्रार फक्त झोपेची.

"झोप कधीपासून येत नाही?"

"मुलगा दूर राहायला गेला तेव्हापासून." मग त्या जरा बाजूला वळल्या. "नाही हो. त्याच्यावर राग नाही माझा."

रागाचं तिने विचारलंच नव्हतं.

बाई ओशाळून हसल्या. "दोघी एकदम विचारता, मग गडबड होते हो. आधी कुणाला सांगू?"

तिने शेजारी पाहिलं. दादाच्या त्या पाहुणीला "ऊठ" म्हणणं अवघड नव्हतं. पण इथून उठून ती कुणाकडे जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आज सकाळीच दादा फोनवर पूर्वीसारखा खळखळून हसला होता.

"आधी त्यांना सांगा," ती म्हणाली.