तळ्याकाठची तपासणी

पहिली टेकडी चढायच्या आधीच त्याने मला धडक दिली. माझी पाण्याची बाटली हातातून निसटली आणि गडगडत थेट खालच्या झुडपात जाऊन पडली.

"अहो, एवढी मोठी बाई दिसत नाही का?" मी चिडलेच.

"दिसली असती तर थांबलो नसतो का... बघत?" तो म्हणाला आणि बाटली आणायला धावत सुटला.

वहिनी माझ्या कानाशी खुसखुसली. ही सगळी सहल तिच्याच हट्टापायी. सात टेकड्या, मधे एक तळं, संध्याकाळी परत. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. "रविवारी तरी लोकांचे डोळे सोड, जरा स्वतःचे उघड," म्हणत तिने मला ओढून आणलं होतं.

तोही आमच्याच सहलीतला; मित्र त्याला धडपड्या म्हणायचे. सहा वर्षं तो बसमध्ये कंडक्टर होता. नुकताच ड्रायव्हरची परीक्षा पास झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसणार होता. ही बातमी त्याने मला पहिल्या टेकडीवर दोनदा आणि दुसरीवर तीनदा सांगितली.

"आणि प्रवाशांनी काय करायचं? जीव मुठीत धरून बसायचं?"

"तुम्ही पुढच्या सीटवर बसा. मग बघा किती जपून चालवतो."

तिसऱ्या टेकडीने कस काढला. पायाखालची मुरमाड वाट घसरत होती, वारा कानात शिरत होता, दम तर असा लागला की बोलायची सोय नाही. तरी आम्ही बोलतच होतो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. वाटेतली प्रत्येक फांदी त्याच्याच कपाळाला लागत होती आणि मी प्रत्येक वेळी हसत होते.

माथ्यापलीकडे दाट झाडी होती. उन्हातून आत शिरलो आणि एकदम अंधारून आलं. दोन पावलं गेलो असू... त्याने माझा हात धरला.

"घाबरलास की काय?" मी विचारलं.

"हो. सोडू नकोस."

मी कशाला सोडतेय! झाडी संपली, ऊन आलं, समोर तळं दिसायला लागलं... हात तसेच.

तळ्यावर एक लाट नव्हती. टेकड्या पाण्यात उलट्या होऊन निवांत पडल्या होत्या. वहिनी आणि बाकीचे पलीकडच्या कातळावर डबे उघडून बसले. आम्ही अलीकडेच थांबलो. मी संत्रं सोललं आणि त्याच्या बाजूला बसून फोड पुढे केली. तो पाण्याकडे बघत बसच्या गोष्टी सांगत राहिला. माझा हात त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर. तसाच. अवघडून गेला.

"घे की रे!"

"काय?" तो वळला. "अरे, संत्रं!"

ती धडक. त्या फांद्या. झाडीतला तो हात... असे डोळे मी दुकानात सात वर्षांत तीनदा पाहिले होते.

"माझ्यासमोर बस," मी म्हटलं. "एक डोळा झाक. आणि माझ्या नाकाकडे बघ."

"नाकाकडेच का? डोळे काय वाईट आहेत तुझे?"

"बघ ना... मी बाजूने बोटं हलवत आणते. दिसली की सांग."

"बरं." तो हसत बसला. मी बोटं हलवत होते. हलवत होते. बोटं त्याच्या गालापाशी आली, तरी तो हसतच होता.

"अगं, सुरू कर ना," तो म्हणाला.

मला रडू आवरेना. मग सांगावंच लागलं. समोरचं तुला नीट दिसतं, म्हणून ड्रायव्हरच्या परीक्षेत डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली असशील. कडेचं दिसत नाही. अंधारात तर काहीच नाही.



"झाडीत हात धरलास तो... दिसत नव्हतं म्हणून?" न राहवून मी विचारलं.

"आत दिसत नव्हतं. बाहेर लख्ख दिसत होतं," तो म्हणाला. "बाहेर का सोडला नाही, ते तूच समज." मग अगदी हळू — "उद्याचा एक दिवस चालवू दे मला. एकच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

तो उठला आणि चालायला लागला. उरलेल्या चार टेकड्या तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी मागून चालत होते. "डावीकडे दगड... उजवीकडे फांदी... पुढे खड्डा..." तो मागे वळून बघायचा नाही, पण पाय मात्र उचलून टाकायचा.

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर पायरीवर तो. डेपोत गेलाच नव्हता.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. नजर कडेकडून मिटत येणार, आणि त्याच्या आजारावर अजून औषध नाही. त्याने लायसन्स स्वतःच्या हाताने परत केलं. दोन महिने रोज संध्याकाळी तो दुकानातल्या बाकावर येऊन बसायचा. गिऱ्हाइकांना फ्रेम निवडून द्यायचा, बायकांना हसवायचा. वहिनी तर त्याला घरचाच समजायला लागली होती. मग एक दिवस म्हणाला, बहिणीच्या गावाला एक शाळा आहे, नजर जाणाऱ्यांना तिथे नवं काम शिकवतात. वर्ष तरी लागेल.

स्टँडवर मी त्याची बॅग धरून उभी होते.

"तुझा राग आला होता," तो म्हणाला. "अजून येतो थोडा. आणि तरी तू आवडतेस... फार आवडतेस. दोन्ही एकदम होतं, हे मला माहीत नव्हतं."

"मग मी येते तुझ्याबरोबर."

"नको. आत्ता आलीस तर मला कायम वाटेल, ही पेशंट बघायला आलीय."

"आणि नंतर?"

"नंतरचं... नंतरचं मला दिसत नाही गं." स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मला नाही जमलं.

ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती. तिथे न बसता तो पार मागे जाऊन खिडकीशी बसला. लोक दाराशी गर्दी करून हात हलवत होते. मी त्यांच्यातून बाहेर पडले आणि धावत जाऊन त्याच्या खिडकीच्या बरोबर समोर उभी राहिले. जरा जरी बाजूला राहिले असते, तर मी त्याला दिसले नसते.

त्याने काचेला तळवा लावला. बस हलली, तशी मीही तिच्याबरोबर सरकत राहिले, त्याच्या नजरेसमोर, जितकं पळता आलं तितकं.