घाबरट घरमालकीण

त्याला मी हात आधी लावला, ओळख नंतर झाली.

जानेवारीतली सकाळ होती. जर्मनीतल्या एसलिंगेन गावात, आमच्या गल्लीत रात्रभर बर्फ पडला होता आणि मी घरासमोर फावडं ओढत होते. आमच्याकडे जिना आणि घरापुढचा रस्ता एकेका बिऱ्हाडानं आठवडाभर झाडायचा असतो. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. त्या आठवड्यात पाटी माझ्या दाराला होती आणि पहिल्या मजल्यावरच्या श्लोटरबेकबाई खिडकीत उभ्या राहून माझ्या फावड्यावर नजर ठेवून होत्या. घर माझं, भाडेकरू त्या, आणि घाबरायचं मात्र मी!

तेवढ्यात कोपऱ्यावरून तो आला. काळा कोट, सोनेरी बटणं, खांद्यावर दोरी आणि ब्रश. धुराडी झाडणारा धुराडेवाला दिसला की त्याला हात लावायचा म्हणजे दिवस चांगला जातो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी हातमोजा काढला, "माफ करा हं" म्हटलं आणि त्याच्या कोटाचं बटण चिमटीत धरून फिरवलं.

"एकच?" तो म्हणाला. "बाकीची रुसतील."

"एवढं नशीब मला पेलायचं नाही."

"असं काय करता तुम्ही, की नशीब लागतं?"

"घरमालकीण आहे."

तो खळखळून हसला. एका भुवईवर काजळी होती, डोळे करडे होते... आणि मी उगाचच बर्फाकडे बघायला लागले.

"मग बरंच झालं," तो म्हणाला. "तुमच्याकडेच आलोय. बॉयलर तपासायला."

बटण अजून माझ्या चिमटीतच होतं. आणि इथे घर गरम ठेवणारा बॉयलर चालू राहणार की बंद, हे धुराडेवालाच ठरवतो.

हे घर मला हेडविगमावशीनं दिलं. तीन मजले, वर माळा, दोन बिऱ्हाडं आणि बँकेचं कर्ज. मी ग्रंथालयात अर्धा दिवस काम करते, उरलेला अर्धा दिवस घाबरते. बेल वाजली की घाबरते, छतावर डाग दिसला की घाबरते, दोन दिवस कुणी तक्रार केली नाही तर जास्तच घाबरते. भाडेकरू मालकाला भितात असं म्हणणाऱ्यानं कधी घर भाड्यानं दिलेलं नसतं.

तळघरात त्यानं बॉयलरच्या नळीत वायू मोजायच्या यंत्राची दांडी खुपसली.

"माझं नाव सेवेरिन. या भागात नवीन आहे."

"रीके. घाबरण्यात जुनी आहे."

"कशाला घाबरता? मी चावत नाही."

"तुम्ही नाही हो. ते यंत्र—"

तो हसत यंत्राकडे वळला आणि त्याचं हसू मावळलं.

"खिडकी उघडा."

"का? काय झालं?"

"आधी उघडा!"

मी धडपडत खिडकी उघडली. धुराड्याला आतून तडा गेला होता, बॉयलर जळणाचा विषारी वायू घरातच सोडत होता. त्याला ना रंग ना वास. माणूस झोपतो आणि उठतच नाही. हे सगळं त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे मला अधिकच भीती वाटली.

"हा आत्ता बंद करायला लागेल," तो म्हणाला.

"आज? या थंडीत? अहो, घर गरम नसेल तर भाडेकरू भाडं कापतात, तसा कायदाच आहे. भाडं नाही तर हप्ता नाही, आणि हप्ता नाही तर बँक घर घेईल माझं. सोमवारी करा ना... फक्त सोमवारपर्यंत."

"वर कोण राहतं?"

"श्लोटरबेकबाई. त्यांच्या वरच्या मजल्यावर नालान. नवरा जहाजावर असतो तिचा. आणि... तिचं बाळ."

"मग सोमवारपर्यंत थांब, असं त्या वायूला कोण सांगणार?"

वरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. एरवी त्या आवाजानं मी वैतागते. त्या दिवशी मात्र जिवात जीव आला. रड बाई, खूप रड, असं मी मनात म्हणाले आणि सेवेरिनला मान हलवून हो म्हटलं. त्यानं झडप बंद केली आणि सील लावलं.

"आता वर जाऊन सांगायला हवं," मी म्हणाले, पण पाय काही उचलेना.

"मी येतो बरोबर."

"कशाला?"

"पाय लटपटताहेत तुमचे."

"थंडीनं."

"हो? माझेही मग थंडीनंच." त्यानं मान खाली घातली. "मीही पहिल्यांदाच कुणाचं घर बंद करतोय."

आम्ही जिना चढलो. श्लोटरबेकबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भाडं कमी?"

"हो."

"लिहून दे."

नालाननं काहीच मागितलं नाही. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणून डोकं दुखत होतं माझं?" आणि तिनं बाळाला इतकं घट्ट धरलं, की ते पुन्हा रडायला लागलं. संध्याकाळी ती बाळाला घेऊन आईकडे निघून गेली. जाताना दार हळूच ओढून घेतलं तिनं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली आणि मी दचकले. दारात सेवेरिन होता, दोन्ही हातांत विजेचे हीटर.

"आईचे आहेत. तिला सांगितलं, उसने नेतोय. कुणासाठी ते तिनं विचारलं, मी नाही सांगितलं."

"का?"

"मलाच अजून नीट ठाऊक नाही."

माझ्या खोलीत मावशीची फरशांनी मढवलेली, लाकडांवर चालणारी जुनी भट्टी होती, कित्येक वर्षं न पेटवलेली. तिचं धुराडं वेगळं होतं. सेवेरिननं ते वरून खाली झाडलं, यंत्र लावून तपासलं, मग लाकडं रचून काडी ओढली. खोलीत ऊब पसरते न पसरते तोच श्लोटरबेकबाई विणकाम घेऊन खाली आल्या आणि मावशीच्या खुर्चीत बसल्या.

"भाडं कमी केलंयस म्हणून मी गारठायचं असं थोडंच आहे?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर सेवेरिन रोज कामावरून परतताना भट्टी बघायला यायचा. मी इकडे करतात तसे मसूर आणि शेवया करायचे, त्याला आवडतात म्हणून. म्हणजे, श्लोटरबेकबाईंनाही आवडतात. लाकूड देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची आणि आम्ही दोघं एकदम "सॉरी" म्हणायचो.

"भट्टी तिकडे आहे, तरुणा," बाई विणकामातून मान वर न करता म्हणायच्या. "तू बघतोयस कुठे?"

धुराडं दुरुस्त करून बॉयलरही नवाच बसवायला लागणार होता, म्हणून मी बँकेत गेले. तिथला साहेब गोड बोलला, म्हणूनच मला घाम फुटला. नव्या बॉयलरला कर्ज मिळेल, पण घराची मिळकत वाढवून दाखवा. नाहीतर विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो. गिऱ्हाईक कोण ते मला कळलं होतं. शेजारची दोन घरं पाडून त्याच बिल्डरनं मोठी इमारत बांधली होती. तिथलं भाडं श्लोटरबेकबाईंना कुठलं परवडायला?

त्या संध्याकाळी बाई दूध आणायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"एक मार्ग आहे," मी म्हणाले. "हा तळमजला भाड्यानं द्यायचा आणि मी माळ्यावर राहायचं."

"मग?"

"मग काय! आणखी एक भाडेकरू! मला आहेत त्यांचीच भीती वाटते."

"आणि माझी?"

"तुमची सगळ्यांत जास्त."

"मी काय केलं?"

भट्टीत लाकूड तडतडलं. मी तिकडेच बघत म्हणाले, "भाडेकरू जाताना निदान तीन महिन्यांची नोटीस देतात. तुमचं काय... बॉयलर आला, की काम संपलं—"

तो काहीतरी बोलणार होता. पण दार उघडलं आणि बाई दुधासकट आत आल्या.

मी बँकेत जाऊन सही केली. तळमजल्याला एक शिक्षिका मिळाली. धुराडं दुरुस्त झालं, नवा बॉयलर बसला. आता शेवटची तपासणी बाकी होती. यंत्रावर वायूचा आकडा बरोबर आला तर घर वाचणार, नाहीतर सगळं मुसळ केरात. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खरं सांगायचं तर आकड्याच्या भीतीत दुसरी एक भीती मिसळली होती.

सकाळी काळा कोट आला, पण त्यात सेवेरिन नव्हता. एक धिप्पाड बाई होती.

"सेवेरिननं हे घर माझ्याकडे दिलंय," ती म्हणाली. "का, ते त्याला विचारा."

तिनं दांडी खुपसली, मी भिंत धरून उभी राहिले.

"उत्तम," ती म्हणाली. "आता तीन वर्षांनी भेटू."

नळ्यांतून पाणी खळखळत वर गेलं. श्लोटरबेकबाईंनी वरून ओरडून सांगितलं, "आलं गं गरम! भाडं पूर्ववत!" नालानचा फोन आला, उद्या येते म्हणाली, आणि बाळाचा आवाजही ऐकवला तिनं. घर वाचलं होतं. आणि मी माळ्याच्या जिन्यावर खोक्यांमध्ये बसून ढसाढसा रडत होते. एक शब्द न बोलता गेला... सरळ दुसरीकडे सोपवून मोकळा झाला.

बेल वाजली. आता कोण? काय बिघडलं? मी डोळे पुसत खाली पळाले.

दारात निळ्या स्वेटरमधला एक माणूस होता. चेहरा स्वच्छ, केस ओले. क्षणभर मी ओळखलंच नाही.

"आकडा?" त्यानं विचारलं.

"चांगला आला. तुम्ही का नाही आलात?"

"तो चांगला यावा असं मला फार वाटत होतं म्हणून."

"म्हणजे?"

"रीके, ज्याला असं वाटतं, त्यानं ते यंत्र हातात धरू नये. मी धरलं असतं आणि आकडा वाईट आला असता, तर... तर मी काय केलं असतं याची मलाच खात्री नव्हती. आपल्या माणसाच्या घरी तपासणी करायची नसते." त्याचे कान लालबुंद झाले होते. "गल्लीच्या टोकाला उभा होतो सकाळपासून. धुराड्याकडे बघत."

आपलं माणूस! बँकेतही मी एवढी घाबरले नव्हते. आता नाही बोलले तर कधीच बोलायची नाही, हे मला ठाऊक होतं. मी डोळे गच्च मिटले.

"सेवेरिन, मला तू आवडतोस. फार आवडतोस," मी एका दमात म्हणून टाकलं.

मग त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि या वेळी कुणी "सॉरी" म्हणालं नाही.

"परत म्हण," तो म्हणाला. "पण डोळे उघडून."

मी भीतभीतच डोळे उघडले आणि परत म्हटलं.