साहेबांची आई

"हात लावू नकोस मला!"

आई एवढ्या जोरात ओरडली, की औषधांची गाडी ढकलत आलेली सिस्टर दारातच थबकली. चादरीकडे गेलेला ताईचा हात तसाच हवेत राहिला.

"फक्त नळी बघत होते गं आई..."

"काही बघायला नको! तुझ्या हलगर्जीपणानं तीन माणसांचे हाल झाले, त्यातला एक जिवानिशी गेला, आणि माझ्या लेकाच्या नावाला बट्टा लागता लागता राहिला. तू जा तुझ्या तळघरात!"

चोपन्न वर्षांची, तीस वर्षं पेशंटची सेवा केलेली ती बाई, शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून उभी राहिली. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सोमवारी ऑपरेशन झालं होतं आणि आज गुरुवार होता. ऑपरेशन झालं ते ताईच्या धाकट्या भावाच्याच हॉस्पिटलात, म्हणजे जिथे भाऊ शस्त्रक्रिया विभागाचा प्रमुख होता आणि बहीण तळघरात कात्र्या-चिमटे वाफेवर निर्जंतुक करत होती, तिथे. आईला लघवीची नळी घातलेली होती. चादर जरा सरकली होती; नळी ज्या पट्टीने मांडीला चिकटवली होती, त्या पट्टीवर तारीख नव्हती!

तळपायाची आग मस्तकात जावी तसं झालं ताईला. नळी घातली की पट्टीवर लाल शाईने तारीख लिहायची, आणि रोज सकाळी स्वतःलाच विचारायचं, ही आज लागते आहे का? नसेल लागत तर काढायची, कारण नळी जितके दिवस राहते तितके दिवस जंतूंना दार उघडं राहतं. या वॉर्डाला ही शिस्त तिनेच लावली होती, इन्चार्ज असताना, लोकांच्या शिव्या खाऊन.

"तारीख का नाही?" तिने बाहेर येऊन सिस्टरला विचारलं.

"आता कसं सांगू ताई..." सिस्टर कासावीस झाली. "मंगळवारी मी विचारलं होतं, काढू का म्हणून. साहेब म्हणाले, आईला उठबस करताना कळा येतात, राहू दे. आता साहेबांची आई! परत विचारायची छाती कुणाची? तारीख लिहिली असती तर रोज डोळ्यांत खुपली असती, म्हणून मग... लिहिलीच नाही."

साहेबांची आई म्हणून खास खोली. साहेबांची आई म्हणून सकाळी लवकर उठवायचं नाही, दुखतंय म्हणाली की चालवायचं नाही. दहा नंबरच्या खाटेवरच्या हमालाची नळी दुसऱ्या दिवशी निघाली होती आणि तो काठी टेकत, सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत फेऱ्या मारत होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. साध्या माणसाला जे फुकट मिळालं, ते साहेबांच्या आईला मिळालं नाही!

धाकटा तिला व्हरांड्यात भेटला. तिने तोंड उघडायच्या आतच तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, माझ्या वॉर्डात लुडबुड करू नकोस. चार वर्षांपूर्वीचं लोक विसरत आलेत. उगाच कशाला आठवण करून देतेस?"

लुडबुड! वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. एकोणीस वर्षांची ताई स्वतःचं कॉलेज सोडून नर्सिंगला गेली, ती त्याने डॉक्टर व्हावं म्हणून. आलेली दोन स्थळं तिने स्वतः परत पाठवली. तो डॉक्टर झाला, नावारूपाला आला... आणि घाईचा झाला. चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी त्याला दहाच्या ठोक्याला ऑपरेशन होतं. एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर, दुसरीवरून तिसरीवर तो त्याच हातमोज्यांनी गेला. ट्रे घेऊन मागे चालणारी ताई दोनदा म्हणाली, "मोजे बदल." तो म्हणाला, "वेळ नाही." आठवड्याभरात तिन्ही जखमा चिघळल्या. एक शाळामास्तर, एक कॉलेजातली मुलगी आणि एक गवंडी. गवंडी घरी परत गेलाच नाही.

चौकशी बसली तेव्हा धाकटा तिच्या खोलीत येऊन रडला. विभागप्रमुखाच्या जागेची निवड महिन्यावर आली होती. तिने कागद ओढला आणि लिहिलं, "ड्रेसिंगचं साहित्य व हातमोजे यांत माझ्याकडून हयगय झाली." तिची रवानगी तळघरात झाली आणि आईने तिच्याशी बोलणं टाकलं. त्या माऊलीला काय ठाऊक! लेक तर देवमाणूस, आणि लेकीने त्याच्या ताटात माती कालवली, एवढंच तिला कळलं. ताईने तेही पोटात घातलं. आजही तिने नेहमीसारखा राग गिळला आणि ती जिना उतरून गेली.

शनिवारी सकाळी अकराला तळघरातला फोन वाजला. "ताई, वर या..." सिस्टरचा आवाज होता.

आईला हुडहुडी भरली होती. दात वाजत होते, डोळे शून्यात लागले होते, खाटेच्या कडेला लटकणाऱ्या पिशवीतली लघवी ताकासारखी गढूळ झाली होती. जंतू नळीवाटे चढून रक्तात उतरले होते. राऊंडला निघालेली सगळी पलटण भिंतीला चिकटून उभी होती. आणि धाकटा, शेजारच्या खोलीतल्या पेशंटची जखम बघून तसाच धावत आलेला धाकटा, आईच्या कपाळाकडे हात नेत होता.

"हात मागे घे!"

ताईच्या तोंडून एवढा मोठा आवाज त्या इमारतीत कुणी ऐकला नव्हता. तिने स्वतःसुद्धा नव्हता ऐकला.

"ताई, अगं माझी आई आहे ती..."

"माझी नाही? ते हात आत्ता कुठून आणलेस? आधी धू! तुझ्या आधी आलेल्या प्रत्येकाने धुतलेत, तू तेवढा कोण लागून गेलास? आणि सिस्टर, ती नळी काढा. कुणाला विचारायचं नाही!"

सिस्टरने नळी काढली, तपासणीसाठी रक्त घेतलं, सलाईन जोडलं, अतिदक्षता विभागाला फोन गेला. त्या गडबडीत आईने डोळे उघडले, समोर ताई दिसली, आणि तापलेल्या, तुटक आवाजात ती म्हणाली, "हिला बाहेर काढा... परवा हिचाच हात लागला मला... तिघांना गिळलं, आता मला..."

परवा ताईचा हात चादरीलासुद्धा लागला नव्हता! सिस्टरने स्वतःच्या पायांकडे बघितलं. धाकट्याने खिडकीकडे बघितलं. ताईने मात्र सरळ त्याच्याकडेच बघितलं, आणि त्या क्षणी तिला लख्ख उमगलं की हा आपला राग निम्मा स्वतःवरचा आहे. त्याग, त्याग म्हणून जो उराशी कवटाळला, तो कसला त्याग? तिने चूक पोटात घातली आणि चूक तिथे वाढत राहिली. त्या दिवशी ती खरं बोलली असती, तर धाकट्याला टोकायची हिंमत एका तरी सिस्टरला झाली असती. आई आज थरथरत पडली नसती!

"बोल," ती म्हणाली. "या वेळी मी काही लिहून देणार नाही."

"ताई... नंतर... इथे सगळ्यांसमोर..."

"त्या गवंड्याच्या बायकोनेही मला सगळ्यांसमोरच विचारलं होतं. माझ्या माणसाला काय केलंत बाई? मी तिच्यासमोर खोटं बोलले. तुझ्यासाठी! आता माझ्याने होत नाही रे. बोल!"

तो आईच्या खाटेशी गुडघ्यांवर बसला. हात लावायला धजला नाही, नुसता गज धरून बसला.

"आई... ताईचं काही चुकलं नव्हतं. मोजे मी बदलले नव्हते. ती दोनदा म्हणाली, मी ऐकलं नाही. आणि ही नळी... हीसुद्धा मीच राहू दिली. ताईने माझं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मी... मी घेऊ दिलं!" तो हमसून हमसून रडू लागला.

आईने ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. तिचे डोळे मिटले होते, आणि माणसं तिला न्यायला गाडी घेऊन आली होती.

नऊ दिवस आई अतिदक्षता विभागाच्या काचेच्या पलीकडे होती. त्या नऊ दिवसांत धाकट्याने ताईच्या त्या जुन्या कागदाखाली आपल्या हाताने खरं काय ते लिहून दिलं आणि प्रमुखाच्या खुर्चीवरून उतरला. ताईला घेऊन तो गवंड्याच्या घरीही गेला. बाईने उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं. "चार वर्षं लागली का हो हे सांगायला?" एवढंच ती म्हणाली, दोघांकडे आळीपाळीने बघून, आणि दार लावलं. ताईला वाटलं, हे आपल्यालाही तेवढंच लागू आहे.

परतताना तो म्हणाला, "मला माफ करशील, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "आज तरी नाही. आज मला तुझा राग येतोय, आणि तो मी गिळणार नाही. उद्या राऊंडला वेळेवर ये."

दहाव्या दिवशी आई वॉर्डात आली, खास खोलीत नाही, सगळ्यांच्यात, दहा नंबरच्या खाटेवर. राऊंड आला. तीच सिस्टर दोन पावलं पुढे झाली. "साहेब... हात."

धाकटा बेसिनकडे वळला.

आई हे सगळं टक लावून बघत होती. मग तिने मान वळवली. ताई नेहमीप्रमाणे खाटेच्या पायथ्याशी, जरा लांबच उभी होती. आईचा सुरकुतलेला हात चादरीबाहेर आला, हवेत चाचपडला.

"ऐकलं होतं गं मी, त्या दिवशी," ती पुटपुटली. "सगळं ऐकलं होतं. चार वर्षं... माझ्या पोरीला मी चार वर्षं... ये गं इकडे. हात लाव मला."

ताईचा सगळा जीव त्या हाताकडे धावला. पण पाऊल धावलं नाही.

"थांब आई," ती कशीबशी म्हणाली, "आधी हात धुऊन येते."

आणि भावाच्या शेजारी, त्याच नळाखाली, बोटांच्या बेचक्यांपासून मनगटापर्यंत ती हात चोळत राहिली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, आणि तिकडे आई हात पुढे करून वाट बघत होती.