हजेरीत नसलेली

ललितची गोष्ट सांगतो, पोरांनो. ऐकीव नाही. नवागामला आपल्या मागच्या गल्लीत राहतो तो. उद्या जाऊन विचारा. फक्त त्याच्या बायकोसमोर विचारू नका.

ललित सुरतेबाहेर, सचिन गावाच्या कारखान्यांत, एका डाइंग मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर होता. शेठची नवी मिल चालू होती, जुनी दोन वर्षं बंद. ती पाडून जागा मोकळी करायची होती. आता कायदा असा, की जुनी इमारत पाडण्याआधी तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस कुठे कुठे आहे, ते मालकाने शोधायचं आणि मजुरांना सांगायचं. मग ते पाण्याने भिजवून काढायचं, बंद पिशव्यांत भरायचं आणि ठरलेल्या जागीच नेऊन टाकायचं. कारण कोरडं फोडलं, की जी धूळ उडते ती डोळ्याला दिसतही नाही. पण छातीत बसली की वीस-तीस वर्षांनी माणूस घेऊन जाते.

या सगळ्याला पैसा लागतो, वेळ लागतो. मॅनेजर योगेंद्रभाईने छापील कागद पुढे केला. "लखी नाख ने, अ‍ॅस्बेस्टॉस नथी. सवारे मजूर आववाना छे."

"बघितल्याशिवाय कसं लिहू, साहेब?"

"तो जोई आव. पण सही आजेज जोईए." म्हणजे, बघून ये, पण सही आजच हवी.

खरं सांगायचं, तर ललितने मनातून सही करूनच टाकली होती. घराचे हप्ते, बायकोला, वर्षाला, सातवा महिना. नोकरी घालवून कसं चालेल? सकाळी येणाऱ्या मजुरांत वर्षाचा सख्खा भाऊ किरणही होता, तेवढं मात्र टोचत होतं. चार फोटो काढू, कागदावर तारीख टाकू, सुटलो. एवढ्यासाठी तो निघाला.

पंधरा जानेवारी. बुधवार, वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, पतंगांचा. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. अख्खं सुरत गच्चीवर. सचिनच्या रस्त्याला चिटपाखरू नाही. वॉचमनने दिवाळीच्या पूजेनंतर लावलेलं कुलूप उघडलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि "हूं अहीं बेठो छूं" म्हणून फाटकापाशीच थांबला.

ललितने तोंडाला मास्क बांधला आणि मोबाइलचा उजेड धरून बॉयलरच्या खोलीत शिरला. वाफेचे पाइप छताखालून गेलेले. सगळ्यांवर पांढरे पट्टे. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालावं तसे. एका ठिकाणी पट्टा फाटून तंतू लोंबत होते. त्याने त्याचा फोटो काढला. बघताक्षणी कळलं. नकाराला जागाच नव्हती. तरी त्याने खिशातून कागद काढला, भिंतीवर टेकवला, पेनाचं टोपण उघडलं.

फट्ट.

मागच्या बाजूला कोणीतरी कपडा झटकला.

परत. फट्ट.

तो वळला. पलीकडच्या दाराशी एक बाई पाठमोरी उभी. डोक्यावर पदर. हातात पुरुषाचा खाकी शर्ट, मनगटात एकच हिरवी बांगडी. ती तो झटकत होती आणि मोबाइलच्या उजेडात धूळ तरंगत होती. वॉचमनची घरवाली असेल, असं ललितला वाटलं.

"बाई, इथे कपडे झटकू नका. ही धूळ वाईट असते."

"कितलं झटकं तरी निंघत नही, भाऊ."

अहिराणी. त्याच्या आईची बोली. ललितला जरा धीर आला.

"कोणाचा शर्ट आहे?"

"मना घरधनीना. सुकदेवना. पाइपवर पट्टा गुंडाये तो."

"आणि तुम्ही? तुम्हीपण इथेच कामाला होत्या?"

शर्ट थांबला.

"मी आठे कव्हयच उनू नही."

इथे कधी आलेच नाही... असं म्हणाली. आणि समोर तर उभी होती.

ललितच्या हातातलं पेन पडलं. बाई खोकली. कोरडा, खोल खोकला. थांबेचना. खोकता खोकता ती वाकली... अजून वाकली... आणि शर्ट मात्र तिथेच राहिला. हवेत. खांद्यांपाशी धरलेला.

हात नव्हते.

फट्ट.

मग अगदी त्याच्या कानाशी...

"मनं नाव लिख ना, भाऊ."

फाटकापर्यंत तो कसा आला, त्यालाच माहीत नाही. वॉचमन एकटाच राहायचा. त्याचं लग्नच झालेलं नव्हतं.

त्या रात्री ललितने तीन गोष्टी केल्या. किरणला फोन करून सांगितलं, उद्या येऊ नकोस, कोणालाच आणू नकोस. मोबाइलवर काढलेल्या लोंबत्या पट्ट्याच्या फोटोसकट कारखाना निरीक्षकाला पत्र लिहिलं. आणि अंगातला शर्ट दाराबाहेर पिशवीत बांधून ठेवला. वर्षाला हात लावू दिला नाही. ती विचारत राहिली.

काम थांबलं. आठवड्याभरात नोकरी गेली. पण जायच्या आधी ललितने जुनी रजिस्टरं चाळली. सुकदेव सापडला. दर वर्षी तपासणी, दर वर्षी शेरा एकच, 'छाती ठीक'. अक्षरही एकच. कोसाडला त्याचं घर शोधून काढलं. धाकटा भाऊ होता, म्हणाला, "दादा सात वर्षांपूर्वी गेला. वहिनी त्याच्या पुढच्या साली. मालतीबाई. डॉक्टर म्हणे, ह्याच धुळीने. आता सांगा, ती तर घरीच राहायची. दादाचे कपडे तेवढे धुवायची."

मिलच्या कोणत्याही रजिस्टरात मालतीबाई नव्हती. असणार कशी? कायदा कामगारांची तपासणी करायला सांगतो. त्यांचे कपडे धुणारीची कोण करणार?

मार्चमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस काढायचा परवाना असलेली माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत बंद कपडे. पाणी मारून मारून एकेक पट्टा उकलला. ललितला निरीक्षकाने साक्षीला बोलावलं होतं. काचेपलीकडून बघत होता. शेवटचा पाइप मनगटाएवढा. दोन्ही टोकांना वेल्डिंग, मध्ये सांधा नाही. तीस वर्षांचे थर निघाले, लोखंड उघडं पडलं. आणि काम करणारा थांबला.

पाइपावर, मनगटात घालावी तशी, काचेची हिरवी बांगडी होती.

अखंड.