पोकळ जमिनीवरचे तीन ठोके

ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्याने खुशाल ठेवू नये. पण माझी मावशी थापा मारणारी बाई नाही. ती रानबकऱ्या मोजणारी बाई आहे, आणि मोजणीत एक बकरी जास्त भरली तरी तिला झोप लागत नाही.

हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. हिवाळ्यात, विझलेल्या ज्वालामुखीच्या पठारावर.

ते अख्खं पठार संरक्षित. चौकीतला वनरक्षक सोडला तर त्या दिवशी वर दोघंच होते. मावशी आणि तिचा सख्खा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा. तो खडकांचा अभ्यास करायचा.

तिथली जमीन दगाबाज. कधीकाळी लाव्हा वाहत असताना त्याची वरची साय आधी गोठली आणि आतला रस वाहून गेला. मागे उरले लांबलचक बोगदे. त्यांचं छप्पर कुठे माणूसभर जाड, कुठे जेमतेम वीतभर.

धुकं उतरलं की हाका मारून उपयोग नसायचा. कड्यांवर आपटून आवाज भलतीकडूनच यायचा. खडकावरचा ठोका मात्र थेट तळपायाला कळतो. म्हणून बहीणभावाने आपसात खूण ठरवली होती. मामा पुढे जाऊन जमीन तपासणार आणि हातोडीने तीन ठोके देणार.

तीन ठोके म्हणजे, इथे भक्कम आहे, ये.

वनरक्षक खो खो हसायचा. "देवाने दोघांना तोंडं दिलीत, ती काय शोभेला?"

सकाळी मामा विवराच्या कडेला गेला आणि मावशी बकऱ्यांच्या मागे. दुपारी धुकं आलं. हातातली काठी दिसेना.

आधी चंडोल गायचा थांबला...

मग बकऱ्यांचं चरणं थांबलं. एवढा मोठा कळप, पण साधा खुराचा आवाज नाही.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

मावशीचा जीव भांड्यात पडला. दादा आला! तिने काठी आपटून उत्तर दिलं आणि निघाली. थोडं चालली की पुन्हा तीन ठोके. ती जवळ गेली की ते पुढे सरकायचे.

वाटेत धुकं जरा विरळ झालं, तेव्हा बकऱ्या दिसल्या. सगळ्या एका रांगेत उभ्या. जणू पुढे कुंपण आहे. एकही पाऊल पुढे टाकत नव्हती.

मावशी त्यांच्यामधून पुढे गेली.

आता ठोक्यांचा आवाज बदलला होता. भरलेल्या खडकाचा खणखणीत ठोका नव्हे. रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा... घुमणारा.

हा फरक तिला मामानेच शिकवला होता. तिच्या पायाला कळलंही. पण भावाची खूण की स्वतःचा पाय, यात तिने भावावर विश्वास ठेवला.

तरी तिने एकदा विचारलंच. "दादा, नीट तपासलंस ना रे?"

ठक. ठक. ठक.

तिने पाऊल टाकलं, आणि जमीन फुटली.

पाठीवरची पिशवी भोकात अडकली म्हणून ती वाचली. छातीपर्यंत आत, पाय खाली अंधारात लोंबकळत. कोपरांनी कडा धरून ती ओरडत होती, "दादा, धर मला! दादा!"

कुणी आलं नाही.

आणि मग तिच्या पायांखाली, त्या बोगद्यात, अगदी जवळ...

ठक. ठक. ठक.

ये.

काही वेळाने वनरक्षकाने तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं. ती म्हणाली, "दादा खाली आहे. त्याला काढा आधी."

वनरक्षक तिच्याकडे बघतच राहिला.

"ताई... साहेब चौकीत आहेत. सकाळीच विवराच्या कडेवरून पडले. जागच्या जागी गेले. तुम्हाला सांगायला केव्हाचा शोधतोय. धुक्यात काही दिसेना. ते ठोके ऐकू आले म्हणून इथवर पोचलो."

"त्याची हातोडी?"

"त्यांच्या उशाशी ठेवलीय."

झालं. ठोके वनरक्षकानेही ऐकले होते, त्यामुळे गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. मेलेल्या भावाने बहिणीला वाचवण्यासाठी माणूस बोलावला! मामी मावशीच्या गळ्यात पडून रडली. "बघा, जाता जाता तुम्हाला वाचवून गेले. तेवढाच आधार आहे हो मला."

मावशीने मान डोलावली. दुसरं काय करणार?

पण वनरक्षकाला ऐकू आले ते शेवटचे ठोके. त्याच्या आधीचे ठोके एकट्या मावशीने ऐकलेत.

परवा मी तिला म्हटलं, "अगं, मेलेल्या माणसाला काय कळतंय? सोडून दे ना आता."

ती भांडी पुसत होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं. "जमीन पोकळ होती हे त्याला कळत होतं. आणि त्याने बोलावलं की मी येणार, हेही." मग ती म्हणाली, "एकट्याने जायला घाबरला असेल गं. पण मला विचारायचं तरी होतंस की रे, दादा..."

ती हे माझ्याकडे बघून म्हणाली नाही. खाली, फरशीकडे बघून म्हणाली.