हर्षालीच्या खोलीतली शेगडी

लाइट गेली होती. शिवांजली म्हणाली, "काका, सांगा ना काहीतरी. पण खरं सांगा."

बलभीमकाका एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. बोलणं मोजकं. त्यांनी पायावरची शाल सारखी केली.

"खरंच हाय. माझ्या ओळखीतल्या माणसाचं. मधी कुणी बोलायचं न्हाय."

दाराकडं पाठ नको म्हणून मी भिंतीला सरकले.

नळदुर्गात हायवेला कल्याणप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं. लेक हर्षाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते आणि त्या वर्षी थंडी लई होती. खोलीत ऊब पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून एका सकाळी कल्याणप्पा टेम्पो घेऊन निघाला. एका जुन्या इंग्रजी बंगल्याचं सामान भंगारात निघालं होतं.

तिथं त्याला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची शेगडी मिळाली. कमरेएवढी उंच, वाघाच्या पंजासारखे चार पाय, पुढं छोटं दार. आत बाभळीचं लाकूड पेटवलं की बीड रात्रभर गरम राहायचं, आणि धूर वरच्या नळातून बाहेर जायचा.

टेम्पोत चढवताना म्हातारा वॉचमन म्हणाला, "न्या. पण नळ उघडा ठेवा. हितं धुराचा रस्ता झाडायला एक बारकी पोर आत उतरवायचे. एकदा ती आत असतानाच पाऊस आला, म्हणून कुणीतरी वरनं झाकण लावलं. पोरीनं लई ठोकलं आतून. खाली साहेबाला वाटलं, लोखंड तापलंय, ते वाजतंय."

"म्हणजे शेगडीबरोबर भूत फुकट व्हय?" कल्याणप्पा हसला.

शेगडी चांगली चालली. मुलगा झाला. मग आली पाचवी. दोन हजार अठरा, डिसेंबरची एकोणतीस, शनिवार.

पाटा पुजला. दिवा, कोरा कागद, पेन ठेवला. त्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. त्यांच्या घरची रीत अशी की ती लिहिताना खोलीत कुणी डोकावायचं नाही. घरानं बाहेर जागायचं. कल्याणप्पाची आई धुरपदाबाई रीतीला पक्की. तिनं खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. दाराखाली गोधडी कोंबली. मग शेगडीकडं बघत म्हणाली, "कल्याण्या, ह्या नळातनं वारं उतरतंय. बाळंतिणीच्या खोलीला एवढं भोक?"

"आज्जी, राहू दे की," हर्षाली म्हणाली.

"आता धूर कुठाय, निखारेच उरलेत," म्हणत कल्याणप्पा गच्चीवर गेला. नळाच्या तोंडात त्यानं पोतं ठोसलं.

खाली आला तर हर्षालीनं विचारलं, "अप्पा, काही लागलं तर?"

"दार वाजव. मी हितंच बसलोय."

चुकून कुणी आत जाऊ नये म्हणून त्यानं बाहेरून कडी घातली.

एक वाजून चाळीस मिनिटं.

टक.

सगळ्यांनी माना वर केल्या.

टक… टक.

"आली," धुरपदाबाई म्हणाली. "हात जोडा."

सगळ्यांनी जोडले. आवाज दाराच्या खालच्या फळीवर होता. मग भराभर. मग दोन्ही हातांनी मारल्यासारखा.

कल्याणप्पा उठला. कडीला हात लावला.

"उघडू नको," कुणीतरी म्हणालं. "पोरगी असती तर हाक मारली असती. लिहितीय ती. मधी गेलास तर लेकराचं अर्धवट राहील."

तो उभा राहिला… बसला.

आत बाळ रडलं. बारीक, एकदाच. सगळ्यांना बरं वाटलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी ठोकणं थांबलं.

"झालं लिहून," म्हातारी म्हणाली. तिनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

सहाला कडी काढली.

हर्षाली बाजेवर होती. पांघरूण हनुवटीपर्यंत. एक सुरकुती नाही. बाळ कुशीत. दोघंही…

डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा विषारी वायू खोलीत कोंडला; आई रात्री बाराच्या आतच गेली असणार. लेकरू बरंच नंतर. तीनच्या सुमाराला.

काका थांबले. 

"मग दार कोण…" शिवांजलीनं वाक्य अर्धंच सोडलं.

मी विचारलं, "'उघडू नको' कोण म्हणालं होतं, काका?"



"शेजारी होतो," ते म्हणाले. "जागायला बोलावलं होतं मला."

 मग तेच पुढं बोलले, जमिनीकडं बघत.

"कोरा कागद कोराच होता. हर्षालीचे हात स्वच्छ होते. पण दाराला आतून काजळीचे पंजे होते. सहा-सात वर्षांच्या पोरीचे असावेत एवढे. खालच्या फळीपासून वर वर गेलेले. सगळ्यात वरचा आतल्या कडीच्या खाली चार बोटांवर थांबला होता."

त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली.

"कडी बाहेरून होती."